फळबाग बघायला नेमकं कधी जायचं? वर्षभराचं नियोजन हवंय

दवबिंदू (धागाकर्ती)

मागच्या हंगामात मी, आई आणि माझी सात वर्षांची लेक, अशा तिघी सफरचंदाच्या बागेत गेलो होतो. झाडावरून स्वतःच्या हातानं फळ तोडायचं, एवढीच लेकीची इच्छा होती. दोन महिने दिवस मोजत होती. पोचलो तर लवकर येणाऱ्या जातींची तोडणी चार दिवसांपूर्वीच उरकलेली आणि उशिराच्या जातींना अजून तीन आठवडे. बागेतली माणसं भली होती, त्यांनी रांगांमधून फिरू दिलं, पण हात लावण्याजोगं झाडावर काही नव्हतं. परतताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

यंदा असं ठरवतेय की एकच बाग निवडायची आणि वर्षभरात तीन-चार वेळा जायचं. पण कधी जायचं हे ठरवायचं कशावरून? फुलोरा किती दिवस टिकतो? थंडीत पानं नसताना जाण्यात काही अर्थ आहे का? आईचे गुडघे दुखतात, खडबडीत जमिनीवर तिला फार चालवत नाही. आणि मुलांना फळ तोडायला शिकवायचं तर योग्य पद्धत कोणती? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

सरळरेघ

फोन करून विचारायचं आणि तोडणीच्या दिवशी जायचं, चार-चार फेऱ्या कशाला? लहान मुलीला रिकाम्या फांद्या दाखवून काय मिळणार? आणि पिकलेली फळं नसली तर कच्ची आणा, घरी पिकतात.

कलमी

दवबिंदूताई, मी बारा वर्षं फळबागेत काम केलं आहे, छाटणीपासून तोडणीपर्यंत सगळं. तुमच्या लेकीसारखी हिरमुसलेली मुलं फाटकापाशी खूप पाहिली, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

तारीख धरून जाऊ नका. फुलोऱ्यापासून दिवस मोजा.

झाड कधी फुलणार हे दरवर्षी मागेपुढे होतं, कधी दोन-दोन आठवड्यांनी. सफरचंद, नासपती, चेरी, पीच या झाडांना हिवाळ्यात ठरावीक थंडी भोगावी लागते, त्याशिवाय डोळे (फांदीवरचे फुलापानांचे कोंब) नीट फुटत नाहीत. ही थंडी तासांत मोजतात, साधारणपणे ७ अंश सेल्सिअसच्या खाली किती तास गेले ते. सफरचंदाच्या पुष्कळ जातींना असे ८०० ते १००० तास लागतात, तर ॲनासारख्या काही जाती २००-३०० तासांवरही फुलतात. थंडीचा कोटा पुरा झाला की पुढे ऊब किती लवकर येते त्यावर फूल उघडतं. म्हणून गेल्या वर्षीची तारीख यंदा कामाची नाही.

पण एकदा फूल उमललं की फळ तयार व्हायला लागणारे दिवस जातीगणिक बरेचसे ठरलेले असतात. चेरी दोन-अडीच महिन्यांत हातात येते. गाला सफरचंदाला चार महिन्यांच्या आसपास लागतात, फूजीला सहाच्या जवळपास. म्हणजे एकाच बागेत, एकाच आठवड्यात फुललेल्या दोन झाडांच्या तोडणीत दोन महिन्यांचं अंतर पडू शकतं. मागच्या वर्षी तुमच्या वाट्याला जे आलं ते यामुळेच. दोन जातींच्या मधल्या रिकाम्या दिवसांत तुम्ही तिथे पोचलात.

तेव्हा बागेत फोन केलात की "फळं कधी येतील?" असं विचारू नका, त्याचं उत्तर मोघम मिळतं. विचारा: यंदा पूर्ण बहर कधी होता? कोणत्या जाती आहेत आणि कोणती कोणत्या क्रमानं तोडता? पाहुण्यांसाठी कोणत्या रांगा राखता? मग तुम्हीच वहीत दिवस मोजा. उन्हाळा फार तापला किंवा फार थंड गेला तर आठवडाभर इकडेतिकडे होईल, म्हणून निघण्याआधी दोन दिवस आणि निघायच्या सकाळी पुन्हा फोन करा. आदल्या रात्रीचा वारा किंवा शनिवारची गर्दी एका दिवसात अख्खी रांग रिकामी करते.

सरळरेघ, थंडीतल्या फेरीबद्दल मला वेगळं वाटतं. पानं नसताना झाडाचा सांगाडा दिसतो. सफरचंदाच्या जुन्या फांदीवर बोटाच्या पेराएवढे आखूड, सुरकुतलेले फाटे असतात, बागेत त्यांना स्पर म्हणतात. त्यांच्या टोकाला जाड, फुगीर, लव असलेला डोळा असतो तो फुलाचा. फांदीला चिकटून बसलेला, बारीक, टोकदार असतो तो नुसत्या पानाचा. सात वर्षांच्या मुलीला हा फरक पाच मिनिटांत कळतो. तिनं एक झाड आपलं म्हणून निवडावं, त्याच्या एका फांदीवरचे फुगीर डोळे मोजून ठेवावेत. पुढच्या प्रत्येक फेरीला ती त्याच फांदीपाशी जाईल. छाटणी चालू असेल त्या दिवशी गेलात तर आणखी छान, कापलेल्या काड्या सहसा मागितल्या की देतात. घरी पाण्यात ठेवल्या तर हिवाळ्याच्या अखेरीच्या काड्यांना फुलंही येतात.

सरळरेघ

कलमी, पटलं. पण त्या फेरीला अर्धा-पाऊण तासच ठेवा असं मी म्हणेन. गार वाऱ्यात, ओल्या गवतात मुलं लवकर कंटाळतात. आजींना त्या दिवशी न नेलेलंच बरं.

कलमी

हे अगदी खरं. अर्धा तास पुष्कळ झाला.

पाडाचा_आंबा

"कच्ची आणा, घरी पिकतात" हे वाचून राहवलं नाही. सगळी फळं तोडल्यावर पिकत नाहीत, आणि बागेत जाणाऱ्यानं हे आधी माहीत करून घेतलं पाहिजे.

आंबा, पेरू, सफरचंद, पीच, केळं ही तोडल्यावरही पिकत राहतात. संत्रं, मोसंबी, द्राक्ष, चेरी, स्ट्रॉबेरी, डाळिंब ही नाहीत. ती झाडावर जितकी गोड झाली तितकीच. घरी ठेवून मऊ होतील, सुकतील, गोड होणार नाहीत. युरोपीय नासपतीची गंमत उलटी, ती झाडावरच पूर्ण पिकू दिली तर आतून रवाळ आणि गाभ्याशी काळपट होते, म्हणून घट्ट असतानाच काढतात. ॲव्होकाडो तर झाडावर असेपर्यंत मऊ होतच नाही.

दुसरं, वरची सगळी चर्चा थंडी लागणाऱ्या झाडांची चालली आहे. आंबा-संत्र्याच्या बागेला जाणाऱ्यांनी वेगळा विचार करावा, कारण तिथे झाड कधी उघडं होत नाही. आंब्याचा मोहर बघायला जरूर जा. एका तुऱ्यात शेकडो, कधी हजारांवर फुलं असतात, त्यातली बरीचशी नुसती नर, आणि त्या सगळ्यांतून शेवटपर्यंत टिकणारी फळं एक-दोन. मोहरावर माश्या घोंघावतात म्हणून नाक मुरडू नका, आंब्याचं परागीभवन मोठ्या प्रमाणात माश्याच करतात. मोहरापासून फळ तयार व्हायला तीन ते पाच महिने धरा. संत्र्या-मोसंबीला आठ-दहा महिने किंवा त्याहून जास्तही लागतात. व्हॅलेन्सिया संत्र्याच्या झाडावर तर जुनी पिकलेली फळं आणि नवी फुलं एकदम दिसतात, ते दृश्य मला सगळ्यात आवडतं.

तोडताना संत्रं कधी ओढू नका, देठाजवळची साल फाटून तिथून सडतं. कात्रीनं देठ फळालगत कापा. आंबा मात्र थोडा देठ राखून काढा. देठ तुटला की चीक उडतो, सालीवर डाग पडतो आणि काहींच्या कातडीवर पुरळ येतं. लहान मुलांना त्या वेळी जरा लांब उभं करा.

आडवाट

मी फुलोऱ्याचे फोटो काढायला दरवर्षी जातो, त्यामुळे माझं लिहिणं तेवढ्यापुरतंच.

मिश्र बाग असेल तर फुलायचा एक क्रम असतो: आधी जर्दाळू, मग पीच आणि प्लम, मग चेरी, नासपती, आणि सफरचंद शेवटी. एका झाडाचा भर सात ते दहा दिवस. जोराचा पाऊस आला तर दोन दिवसांतही संपतो. म्हणून एकच पीक असलेल्या बागेपेक्षा मिश्र बाग निवडा, एक चुकलं तरी दुसरं मिळतं. सफरचंदाचं फूल उमलण्याआधी कळी गडद गुलाबी असते आणि उघडल्यावर पांढुरकी होते. दोन्ही एकत्र दिसतात तो दिवस फोटोला सर्वांत सुंदर, म्हणजे पूर्ण बहराच्या दोन-तीन दिवस आधी.

वेळ सकाळी फार लवकरची नको. मधमाश्या १२-१३ अंशांच्या खाली फारशा बाहेर पडत नाहीत. ऊन तापायला लागल्यावर अख्खी बाग गुणगुणते, तो आवाज मुलीला ऐकू द्या. आणि तिला एक शोधायला सांगा: रांगेत मध्येच एखादं वेगळ्याच जातीचं झाड का लावलेलं असतं? सफरचंदाच्या बहुतेक जातींना स्वतःच्याच जातीचा पराग चालत नाही, म्हणून शेजारी दुसरी जात लागते. ते झाड परागासाठी असतं.

बहराच्या तारखा किती सरकतात याबद्दल: जपानमध्ये क्योतोला चेरीच्या बहराच्या नोंदी इ. स. ८१२ पासूनच्या सापडतात. तिथली चेरी फळांची नाही, शोभेची आहे, पण २०२१ मध्ये तिथला पूर्ण बहर २६ मार्चला आला आणि तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत इतका लवकर तो कधी आला नव्हता. तेव्हा कलमींचं म्हणणं शंभर टक्के, गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नका.

एक अनुभव सांगतो. एकदा पहाटे बागेत पोचलो तर फुललेली सगळी झाडं बर्फाच्या काचेत गोठलेली. मला वाटलं, सर्वनाश झाला. मालक रात्रभर जागे होते, डोळे लाल. म्हणाले, हे मीच केलंय. फुललेल्या सफरचंदाला उणे २ अंशाच्या आसपास इजा सुरू होते, उणे ४ ला जवळजवळ सगळं जातं. त्या रात्री त्यांनी तुषार संच चालू ठेवले होते. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, एका ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी, आणि वरून सतत नवं पाणी गोठत राहिलं की आतलं फूल शून्याच्या आसपास टिकतं. मध्येच पाणी बंद पडलं तर मात्र उलटं होतं, बर्फ उडून जाताना फुलाची ऊब ओढून घेतो आणि नुकसान जास्त. म्हणून ऊन येऊन बर्फ आपोआप गळेपर्यंत पंप चालू ठेवतात. मी तिथे तीन तास उभा होतो. एकेका काचेच्या थेंबात एकेक गुलाबी फूल. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून कॅमेरा काढायला हात धजेना, शेवटी त्यांनीच काढा म्हणून सांगितलं.

म्हणून एक विनंती: बहराच्या दिवसांत कडाक्याच्या रात्रीनंतर लगेच सकाळी फोन करून "येऊ का?" विचारू नका. दुपारपर्यंत थांबा.

निशिगंध

आडवाट, वाचताना काटा आला अंगावर.

मी जरा काळजीच्या गोष्टी लिहिते. बहरात मधमाश्यांच्या पेट्या बागेतच ठेवलेल्या असतात. पेटीच्या तोंडासमोर, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत उभं राहू नका, बाजूनं जा. घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर औषध सोबत असल्याशिवाय ही फेरी करूच नका. तोडणीच्या दिवसांत खाली पडलेल्या कुजक्या फळांवर गांधीलमाश्या बसतात, तेव्हा पायात बंद बूट हवेत, चपला-सँडल नकोत.

फवारणीबद्दल आधीच विचारा. औषध मारल्यावर ठरावीक वेळ बागेत शिरायचं नसतं, चांगल्या बागा तसा फलक लावतात किंवा रांग बंद ठेवतात. दोरी बांधलेली रांग दिसली तर मुलाला पलीकडे जाऊ देऊ नका. झाडावरचं फळ थेट तोंडात घालू नये, धुऊन खावं. आणि जमिनीवर पडलेलं, बुरशी आलेलं सफरचंद कितीही चांगलं वाटलं तरी खायला उचलू नका. कुजक्या भागात पॅट्युलिन नावाचं विष तयार होऊ शकतं, शिवाय जमिनीवर जनावरांची विष्ठाही असते.

आणि परतल्यावर बुटांची माती झाडून धुवा, विशेषतः एका बागेतून दुसऱ्या बागेत जाणार असाल तर. मुळांचे रोग मातीतून पसरतात. आपण तासाभराचे पाहुणे, त्यांची झाडं पंधरा-वीस वर्षांची.

कलमी

आईंच्या गुडघ्यांसाठी: बुटक्या झाडांची बाग शोधा. हल्ली बऱ्याच सफरचंदांच्या बागा बुटक्या खुंटावर (कलमाखालचा मुळांचा भाग) बांधलेल्या कलमांच्या असतात. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगच्या केंद्रातून आलेला एम ९ हा त्यातला फार प्रसिद्ध खुंट, त्यावरचं झाड दोन-तीन मीटरच्या पुढे जात नाही. शिडीची गरज नाही, अर्धी फळं तर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हाताला येतात. शिवाय अशा बागांत रांगांमध्ये सपाट गवत राखलेलं असतं. जुन्या उंच झाडांच्या बागेचं सौंदर्य वेगळं आहे, पण आईंसाठी ती नको. फोनवर विचारून घ्या: गाडी रांगांच्या किती जवळ येते, बसायला बाक आहे का, स्वच्छतागृह किती लांब.

आता तोडण्याची पद्धत, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फळ तळहातात धरायचं, बोटांनी दाबायचं नाही. खाली ओढायचं नाही, वर उचलायचं, देठाच्या जोडापाशी किंचित वळवत. तयार फळ देठासकट आपोआप सुटतं. सुटत नसेल तर ते तयार नाही, तसंच राहू द्यायचं.

ओढू नका म्हणतो त्याचं कारण नुसती फांदी मोडते एवढंच नाही. पुढच्या वर्षीचं फूल त्याच स्परवर, फळाच्या शेजारी आधीच बसलेलं असतं. सफरचंदात पुढच्या वर्षीच्या फुलाचे डोळे यंदाच्या उन्हाळ्यातच घडायला लागतात. आपण फळ तोडतो तेव्हा त्या डोळ्याला काही आठवडे, कधी महिने झालेले असतात. हिसका मारून ओढलं की फळासोबत स्परही येतो, आणि ती जागा पुढे फळत नाही. पाहुण्यांच्या रांगेत संध्याकाळी हे तुटलेले स्पर गोळा करताना मला फार वाईट वाटायचं. लोक मुद्दाम करत नाहीत, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

टोपली उथळ घ्या. खोल पिशवीत वरच्या फळांच्या भारानं खालची दबतात. ठेवताना हळू ठेवा, टाकू नका. सफरचंदावरचा डाग दुसऱ्या दिवशी दिसतो.

वाटाड्या

कुणी इंग्लंडला जाणार असेल तर केंट परगण्यात ब्रॉगडेल इथे राष्ट्रीय फळसंग्रह आहे, एकट्या सफरचंदाच्याच दोन हजारांहून अधिक जाती. मी हंगामाच्या मध्यात गेलो होतो. शेजारशेजारच्या दोन झाडांवर एक फळ आवळ्याएवढं आणि एक दोन मुठींएवढं. एका दिवसात बघून होत नाही.

दवबिंदू

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. बुटक्या झाडांची, मिश्र बाग मिळाली आहे. थंडीतली फेरी मी आणि लेक दोघीच करून आलो, चाळीस मिनिटं. तिनं तिसऱ्या रांगेतलं एक झाड निवडलं, फांदीला लोकरीचा धागा सैलसर बांधला (विचारून), आणि अकरा फुगीर डोळे मोजले. वहीत चित्र काढलंय.

दवबिंदू

बहराची फेरी झाली. आईही होती, बाकावर बसून राहिली तासभर. म्हणाली, कानात अजून गुणगुण आहे. अकरापैकी दहा डोळे फुलले होते. प्रत्येक गुच्छात पाच-सहा फुलं आणि मधलं आधी उघडलेलं. पूर्ण बहराची तारीख वहीत लिहून घेतली.

एक अडचण. काल पुन्हा गेलो होतो, बहरानंतर सहा आठवड्यांनी, तर झाडाखाली कितीतरी इवली सफरचंदं पडलेली. लेक रडायला लागली, आपलं झाड आजारी आहे म्हणून. मला नीट समजावता आलं नाही. कलमीदादा?

कलमी

आजारी नाही, तिला नक्की सांगा. झाड पेलतील तेवढीच फळं ठेवतं, बाकीची स्वतःच सोडतं. उत्तरेकडच्या देशांत याला जूनची गळ म्हणतात. गळलेलं एक फळ आडवं कापून तिला दाखवा. आत पाच कप्प्यांची चांदणी असते आणि प्रत्येक कप्प्यात साधारण दोन बिया, म्हणजे दहापर्यंत. गळलेल्यात बहुधा कमी बिया भरलेल्या दिसतील. मधमाशी ज्या फुलाकडे पुरेशी गेली नाही, ते फळ मागे पडतं. झाडावर राहिलेलं एखादं फळ एका बाजूला चपटं दिसलं तर त्या बाजूच्या बिया भरल्या नाहीत असं समजा.

यानंतर बागवाले हातानं विरळणीही करतील, दोन फळांत वीतभर अंतर ठेवून. ते बघून तिला पुन्हा वाईट वाटेल, आधीच सांगून ठेवा. झाडावर फार फळं राहिली तर ती लहान राहतात, आणि वाढत्या बियांमुळे पुढच्या वर्षीचे फुलांचे डोळे घडणं अडतं. मग एक वर्ष लगडलेलं आणि एक वर्ष मोकळं, असा पाळा लागतो. आंब्याच्याही पुष्कळ जातींत एकाआड एक वर्ष असंच चालतं.

निशिगंध

माझ्या भाच्यालाही हे सांगितलं. आता तो घरातलं प्रत्येक सफरचंद आडवं कापायला लावतो.

दवबिंदू

शेवटची फेरी परवा झाली. पूर्ण बहरापासून १२१ वा दिवस, गालाची रांग. दोन दिवस आधी आणि त्या सकाळी, दोन्ही वेळा फोन केला.

पोचलो तेव्हा बागेतल्या एका ताईंनी सफरचंद कापून त्यावर आयोडीन फवारून दाखवलं. पिष्ट असतं तिथे निळं-काळं होतं, साखर झालेली असते तिथे नाही. गाभ्याजवळ पांढरं आणि सालीकडे निळं दिसलं. त्या म्हणाल्या, आज तोडायला योग्य, हे पांढरं गाभ्याकडून बाहेर सरकत जातं. लेकीनं तो अर्धा तुकडा जपून घरी आणला, दुसऱ्या दिवशी तो पूर्ण तपकिरी पडला तरी टाकू देईना.

तिच्या फांदीवर सात फळं होती. आईनं बसूनच खालची दोन काढली. लेकीनं पहिलं तळहातात धरलं, वर उचललं, आणि ते सुटलं. तिनं हात तसाच वर धरून ठेवला होता, मला बघायला. दुसरं सुटलं, तिसरंही. चौथं वळवून पाहिलं तर सुटेना. मी म्हटलं अजून जरा वळव, तर मलाच म्हणाली, "नाही, ते तयार नाही." सोडून दिलं.

मग तिनं फळाच्या जागेशेजारचा बारीक डोळा शोधला. अजून जेमतेम दिसतो, पानाच्या बेचक्यात. एकूण नऊ सापडले. तेही वहीत लिहिले आहेत, पुढच्या वर्षाच्या पानावर.